चिंचमाळचा तुंबा

चिंचमाळ पाडा, तलासरी
८ जानेवारी १९६१

चंदर्‍या,

मसोलीच्या वसतिगृहातून तू आणि मी एकाच दिवशी पळालो. तू बापसाच्या होडीवर गेलास, मी कुठेच गेलो नाय. पण आता मला नोकरी लागली आहे. हसू नको. बोलायची नोकरी आहे.

मुंबईच्या कॉलेजातल्या एक बाई आल्यात, कारखानीस बाई. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात ही जाडी वही. लढ्याचा अभ्यास करतात. म्हणजे लढा नाय, लढ्याच्या नंतरचा. शेठची वेठ बंद पडली, माळावर गोळ्या चालल्या, माणसं मेली, त्याला पंधरा वर्षं झाली. मग आता दोन्हीकडची माणसं एकाच विहिरीवर पाणी कशी भरतात, कोणाला काय आठवतं, समेट कोणी केला, असं सगळं त्या विचारतात. त्यांना आमची बोली येत नाय, म्हणून मी मधे. त्या विचारणार, मी पाड्याला सांगणार, पाडा बोलणार, मी बाईंना सांगणार.

पण पाडा बोलतच नाय. आठ दिवस झाले. ज्याला विचारावं तो म्हणतो, "ठाव नाय." शुक्री म्हातारीने तर बाई दिसल्या की झोपल्याचं सोंग घ्यायला सुरुवात केली. झिपरू आजाला बाईंनी विचारलं, "तुमच्या मनात शेठच्या माणसांबद्दल आता काय भावना आहे?" आजा म्हणाला, "ह्या बेनला सांग, उन्हात बसवून डोकं खाऊ नको, माझी बकरी सुटलीय." मी बाईंना सांगितलं, "आजा म्हणतो, राग धरून माणूस म्हातारा होतो, आम्ही तो सोडून दिला." बाईंनी चष्मा काढून पुसला. तीन ओळी लिहिल्या. आजा बकरीमागे गेला.

मग मला चटक लागली. काल बाई फारच हिरमुसल्या, म्हणाल्या, "पांड्या, समेटाची एक तरी खरी गोष्ट मिळायला हवी होती." मला दया आली. मी एक रचली. म्हटलं, माळावर सभा भरलीय हे शेठच्या बंदूकवाल्यांना एका सुक्या मासळीवाल्याने सांगितलं. पुढे त्याला पस्तावा झाला. म्हणून मेलेल्या माणसाच्या बायकोकडे तो दर दिवाळीला बोंबलांचं डालगं घेऊन येतो. ती ठेवून घेते. दोघं एक शब्द बोलत नायत. पंधरा वर्षं.

बाई रडल्या, चंदर्‍या! खरंच. मग विचारलं, "नाव काय त्याचं?" आता डालगं घेऊन आमच्याकडे येणारा एकच माणूस मला माहीत. तोंडातून गेलं, सदानंद, वरोरचा.

तर तुझा बापूस आता वहीत आहे. कॉलेजात जाईल. त्याला सांग, नवी टोपी घे.

माझा बा त्याच माळावर मेला, पण त्याचं मला काहीच आठवत नाय, ते एक बरं आहे. गोष्ट रचताना मधे येत नाय.

तुझा,
पांड्या


वरोर
१३ जानेवारी १९६१

पांड्या,

गाढवा, तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. धाकटी बहीण जमुना हसून हसून कोळंबी सोलायची थांबली. माझ्या बायकोला, मैनाला, तुझी ओळख नव्हती, ती म्हणाली हा तुमचा दोस्त का, लग्नाला का नाय बोलावला. मी म्हटलं बोलावला होता, तो वरात सोडून भलत्याच घरी जेवून गेला.

बापूस जाळं शिवत बसला होता. बकरीचं ऐकून तोही हसला. मग बोंबलांचं वाचलं तेव्हा उठला आणि खाडीकडे गेला. जेवायला आला नाय. दोन दिवस झाले, तोंडाला चव नाय म्हणतो, वलांडीवर बोंबील वाळत घातलेत तिथे खाली बसून राहतो. वारा लागला असेल. उत्तरेचा वारा ह्या दिवसांत वाईट.

पण पांड्या, नाव खोडायला सांग. मस्करी आपल्यात ठीक. बापूस त्या पाड्यांवर बसच्या टपावर डालगी टाकून जातो, कंडक्टरच्या शिव्या खातो, तेव्हा आमची चूल पेटते. उद्या कोणी म्हटलं हाच तो, तर काय करायचं? बाईंना सांग मी थाप मारली. तुला थाप मारली असं सांगायची सवय आहेच.

चंदर


चिंचमाळ पाडा
१७ जानेवारी १९६१

चंदर्‍या,

सांगितलं. बाईंना म्हटलं, बाई, ती गोष्ट खोटी, मी रचलेली. त्या माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "घाबरू नकोस. खरं बोलून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ते नाकारतो, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय." मी आयची शप्पथ घेतली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आजाच्या बकरीचंही खरं सांगितलं. तेवढं त्यांना लगेच पटलं. ते पान खोडलं.

अजून एक. मी ती मासळीवाल्याची गोष्ट आयला सांगितली, हसेल म्हणून. ती भात कांडत होती. मुसळ वरच्या वर राहिलं. म्हणाली, "कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, "कोणी नाय, मीच जुळवली." "कोणाला सांगितलीस?" "बाईंना." तिने मुसळ ठेवलं, भात तसाच टाकला आणि झिपरू आजाच्या घरी गेली. भर दुपारी. आय कधी कोणाच्या घरी जात नाय.

मला आधी हसू येत होतं. मग येईना.

बाई गुरुवारी वरोरला येतायत. मी नाय म्हटलं, तर म्हणाल्या तिथे दुभाष्या लागणार नाय. तू बापसाला घेऊन समुद्रात जा. काहीही कर. दोन दिवस परत येऊ नका.

पांड्या


वरोर
२० जानेवारी १९६१

पांड्या,

तुझं पत्र आज आलं. बाई काल येऊन गेल्या.

जमुनाने चहा केला. बाई वलांडीखाली बापसाच्या समोर बसल्या. चांगल्या आहेत बाई. आवाज हळू. म्हणाल्या, "सदानंदकाका, मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही. तुम्ही इतकी वर्षं जे करताय ते मला समजून घ्यायचंय."

बापसाने तुझ्या आयचं नाव घेऊन विचारलं, "भिकीने सांगितलं?"

बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरातून कळलं."

मी मधे बोलणार होतो की पांड्याने थाप मारली. बापसाने हात वर केला. म्हणाला, "मग उकरलंच." आणि सांगितलं. सावकाश, भाव सांगतात तसं. डालगं घेऊन चिंचमाळच्या वाटेवर होतो. भिकीचा नवरा काळ्या भेटला, तो माळाकडे गेला. मागून शेठचे बंदूकवाले आले. त्यांनी विचारलं, कुठे गेला? मी हात केला, असा.

बापसाने हात करून दाखवला. समुद्राकडे. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं, काय माहीत का.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का ते कशाला विचारतायत?" बापूस म्हणाला, "बंदूक दिसत होती." बाईंचा चहा तसाच राहिला.

पांड्या, तुझ्या बाला माझ्या बापसाने मारलं, असं लिहायला मी दोनदा बसलो. लिहिता येत नाय. बंदूक दुसऱ्याची होती. हात बापसाचा होता.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही.

चंदर


चिंचमाळ पाडा
१९ फेब्रुवारी १९६१

चंदर,

महिना झाला. शिव्या येतील म्हणून वाट बघितली. आल्या नायत. राग येईल म्हणून वाट बघितली, तोही नाय. गवताच्या गाड्या भरायला जातो, येतो, जेवतो. दात दुखून दुखून थांबतो ना, मग जीभ लावली तरी कळत नाय, तसं आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आयला विचारलं. ती नागलीची भाकर थापत होती. थापतच राहिली.

"सदानंद होता?"

"हो."

"तुला ठाव होतं?"

"हो."

"मग ते बोंबील?"

"खाल्ले. तूही खाल्लेस."

बस. एवढंच. भाकर उलटली.

बाकीचं झिपरू आजाने सांगितलं. माळावर गोळ्या चालल्यानंतर तुझा बापूस स्वतःहून पाड्यावर आला होता. कोणी धरून आणला नव्हता. चिंचेखाली बसला आणि म्हणाला मी हात केला. आमच्या पाड्यावर तंटा मिटवायची एक रीत आहे. ज्याने केलं तो आणि ज्याचं गेलं तो, दोघं एका तुंब्यातून, म्हणजे सुक्या भोपळ्यातून, ताडी पितात. तुंबा रिकामा झाला की ती गोष्ट गाडली. मग ती काढायची नाय. घरात नाय, दारात नाय, पोटच्या पोराजवळ नाय. म्हणून पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि मला नाय. म्हणून बाईंना सगळे "ठाव नाय" म्हणत होते. बाई समेट शोधत फिरत होत्या आणि समेट त्यांच्या पुढ्यात बसून ठाव नाय म्हणत होता.

आणि मी, खोटं बोलायला गेलो आणि तो उकरला.

उकरलेलं तसं ठेवत नायत. परत बसावं लागतं. पाच मार्चला, होळी झाली की. ह्या वेळेला ज्याचं गेलं तो नाय म्हणू शकतो. नाय म्हटलं तर तुझ्या बापसाला ह्या बाजूच्या एकाही पाड्यावर पाय टाकता येणार नाय, आणि घराशी घर तुटतं. म्हणजे तुझं माझंही. पत्रसुद्धा नाय. आजा म्हणतो, आयला विचारतील. आय काय म्हणेल, मी विचारलं नाय. तिच्याशी बोलायची मला भीती वाटते.

बाई गेल्या मुंबईला. जाण्याआधी ते पान वहीतून फाडून आयच्या हातात दिलं. म्हणाल्या, "माझं चुकलं." आयला त्यातलं वाचता येत नाय. तिने त्यात मीठ बांधलं.

पांड्या


वरोर
२६ फेब्रुवारी १९६१

पांड्या,

बापूस येणार आहे. मी म्हटलं मी पण येतो. तर म्हणाला, "त्या वाटेवर तू नव्हतास." आईस त्याला म्हणाली, नका जाऊ, मासळी डहाणूच्या बाजारात विकू, पाडे काय जग आहेत का. तो म्हणाला, "मासळीसाठी जात नाय."

मैना विचारते, तुमचा दोस्त तिथे काय करेल? मी म्हणतो तो मस्करी करेल, त्याला दुसरं काय येतं. तर ह्या वेळेला करू नको रे. गप्प बस. तुझ्या आयला जे म्हणायचं ते म्हणू दे. नाय म्हणाली तर नाय. मी तुझ्यावर राग धरणार नाय. तू माझ्यावर धरलास तर मला कळव. कळवायला पत्र चालणार नाय हे लिहिल्यावर आठवलं.

भरती सकाळची आहे, जातो.

चंदर


चिंचमाळ पाडा
६ मार्च १९६१

चंदर,

हे पत्र तुझ्या बापसाच्याच हाती देतोय. त्याला वाचता येत नाय ते बरं आहे. आत्ता तो आमच्या ओट्यावर बसलाय, सकाळच्या बसला वेळ आहे.

काल काय झालं ते ऐक. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं धरतात का, हे मी झिपरू आजाला विचारलं नाय. मुद्दामच.

ताडी दुधाच्या किटलीत घालून आणली, दारूबंदी आहे ना. समेट करायचा तर कायदा मोडावा लागतो. हे मला तेव्हा सुचलं, पण बोललो नाय. तुझं ऐकलं. सगळा पाडा चिंचेखाली जमला. तुझा बापूस एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मधे तुंबा. बापसाने डालगं आणलं नव्हतं. मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

आजाने विचारलं, "भिके, परत तोंड लावतेस?"

आय म्हणाली, "मागच्या वेळेला मला कोणी विचारलं होतं?"

आजाने तुंबा जरा मागे घेतला. आय पुढे बोलत राहिली.

"चार जणांनी तुंबा पुढे केला, म्हणाले पी. मी प्याले. कडेवर हा होता, ह्याला जगवायचा होता. रोज उठून कोणाचा जीव घ्यावा असं वाटत राहिलं असतं तर भात कोणी लावला असता? माझं पिऊन झालं. एकदाच पुरे. हा प्यायला नाय. बा ह्याचा होता. ह्याला विचारा."

आणि सगळे माझ्याकडे वळले. शुक्रीसुद्धा जागी होती.

चंदर, मला रोज शंभर उत्तरं सुचतात. वसतिगृहात हेडमास्तरांनी विचारलं खेकडा कोणी ठेवला, तेव्हाही सुचलं होतं. काल एक नाय. आत बघितलं तर काहीच नव्हतं. त्याला मारावं असं नाय, त्याला माफ करावं असं नाय. म्हातारा माणूस, पायाला भेगा, मान खाली. मी वेळ काढायला विचारलं, "माझा बा तुमच्याशी काय बोलला होता त्या दिवशी?"

पाड्यावर चुळबुळ झाली. असं कोणी विचारत नाय. आजा म्हणाला, "तुंबा रिकामा नाय. सांगता येतं."

तुझ्या बापसाने मान वर केली नाय. म्हणाला, "बोलला नाय. मस्करी केली." मग सांगितलं. वाटेत डालगं उतरवून तो घाम पुसत होता. माझा बा मागून आला, त्याची टोपी उचलली आणि झाडाच्या उंच फांदीवर फेकली आणि पळाला. पळताना मागे बघून ओरडला, चढ आता, सदानंदा, बोंबील विकून पोट वाढलंय. तुझा बापूस त्याला शिव्या देत होता, हसत होता. हसतच होता, तेवढ्यात ते आले. त्यांनी विचारलं, कुठे गेला? हसणं तोंडावर होतं अजून. हात आपोआप गेला. बंदूक त्याने बघितली होती, पण बंदूक आणि काळ्या ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात जोडल्या जाईपर्यंत हात करून झाला होता.

म्हणाला, "मी झाडावर चढलो होतो तेव्हा आवाज ऐकले."

पंधरा वर्षांत हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आयलाही नाय. मी आयकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. म्हणाली, "लग्नातही असंच केलं होतं." बस.

किटलीवर माश्या बसत होत्या. आजाने परत विचारलं, "पोरा?"

मी विचार केला असं तुला वाटेल. केला नाय. म्हातारा तिथे बसून होता आणि ऊन त्याच्या अंगावर सरकत होतं. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी तुंबा उचलला, अर्धा प्यायलो, त्याला दिला. आंबट होती ताडी. त्याचे दात तुंब्याला लागत होते, तो आवाज येत होता. त्याने संपवली. आजाने तुंबा उपडा करून सगळ्यांना दाखवला. माणसं उठली, ढुंगणाची माती झाडली, गेली.

आता तू म्हणशील चांगलं झालं. झालं. तो येईल, तू येशील, मैनाला घेऊन ये. मी वरातीत कुठल्या घरी जेवलो ते तिला सांगेन.

पण तुंबा उपडा झाला आणि मी तसाच उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं. मला विचारायचं होतं. बा कसा ओरडायचा? आवाज जाड होता का बारीक? पळताना कसा दिसत होता, माझ्यासारखा वाकडा पळायचा का? आय असं सांगत नाय, तिला सांगता येत नाय. त्या दिवशी त्याला शेवटचं हसताना बघितलेला एकच माणूस आहे आणि मी त्याच्याबरोबर प्यायलो.

रात्री तो आमच्याकडेच जेवला. आत्ता दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलाय. मी विचारलं, "वरोरला सध्या मासळी कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे." मग मी विचारलं, "बोंबील वाळले?" म्हणाला, "वाळले."

मग तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे, आणि रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. उठतोय तो.

पांड्या